'नोकरी सांभाळून' : एका शब्दाची तपासणी

आपल्यासारख्या वार्षिकांकांच्या शेवटी लेखक-परिचयाची दोन पाने असतात. अंक हाती आला की कितीतरी वाचक आधी तीच पाने उघडतात; आम्हीही त्यांतलेच. कोण कुठल्या जिल्ह्याचा, कोण एस.टी.त, कोण जिल्हा परिषदेच्या शाळेत, कोणाचे दुकान, हे तिथे कळते आणि मग कविता वाचताना तो माणूस ओळखीचा वाटू लागतो. ह्या पानांवर एक शब्द हमखास भेटतो. 'नोकरी सांभाळून काव्यलेखन.' 'शेती सांभाळून कथालेखन.' लिहिणारी बाई असेल तर 'घरसंसार सांभाळून गझललेखन.' शब्द इतका सवयीचा झाला आहे की त्याच्याकडे कोणी थांबून पाहत नाही. आम्हीही पाहिले नव्हते.

आमच्या शाळेत एक आपा आहेत. शिक्षण सगळे उर्दूतून, घरची बोली कोकणी, आणि गझल मात्र मराठीत लिहितात. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या दोन गझला आम्ही एका अंकाकडे पाठवल्या. परिचयही आम्हीच लिहून दिला : 'घर व नोकरी सांभाळून गझललेखन.' अंक आला. मधल्या सुट्टीत आपांनी ते पान उघडले, आपला परिचय वाचला, मग बोट खाली नेऊन आमचा वाचला. आमच्या नावापुढे होते, 'नोकरी सांभाळून समीक्षालेखन.' त्या एवढेच म्हणाल्या, "सर, तुमचं घर कोण सांभाळतं?" तेवढ्यात घंटा झाली. त्या वर्गावर गेल्या आणि आमचे उत्तर राहून गेले. हा लेख त्या राहिलेल्या उत्तराच्या निमित्ताने लिहीत आहोत.

'सांभाळून' म्हणताना आपण नेमके काय म्हणतो? एक तर असे सुचवतो की जगणे एका बाजूला, कला दुसऱ्या बाजूला. जगण्याचे ओझे डोक्यावर असूनही ह्या गृहस्थाने थोडे लिहिले. दुसरे, आणि हे जास्त घातक, आपण वाचकाला हळूच सांगतो की जरा सवलतीने वाचा. आम्हा शिक्षकांना ही भाषा चांगली ठाऊक आहे. पस्तीसला दोन-तीन गुण कमी पडले की ग्रेस मार्क देऊन मुलाला वर ढकलतात. मुलाचे वर्ष वाचते, पण त्याला गणित आले असे कोणी म्हणत नाही. आपल्या साहित्याच्या समीक्षेत गेल्या तीसेक वर्षांत अशा ग्रेस मार्कांची फार सवय झाली. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा, आपल्याकडेही लिहिणारे आहेत, हे दाखवणे गरजेचे होते. प्रत्येक नाव मोजावे लागत होते. आता नावे पुष्कळ आहेत. आता तरी उत्तरपत्रिका उघडून पाहायला हवी.

त्यासाठी आम्ही परळ-लालबागकडे वळतो, कारण पोट भरताभरता लिहिणाऱ्यांचा इतका भरघोस पुरावा मराठीत दुसरीकडे क्वचितच असेल. नारायण सुर्वे (१९२६–२०१०) यांची हकिगत सर्वांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. गंगाराम सुर्वे ह्या गिरणी कामगाराला सापडलेले अनाथ मूल. गंगाराम इंडिया वूलन मिलमध्ये, त्यांची पत्नी काशीबाई कमला मिलमध्ये. (कमला मिलच्या आवारात आता कचेऱ्या आणि हॉटेले आहेत.) चौथीपर्यंतची शाळा, मग वडील कोकणात निघून गेल्यावर पोरवयात एकट्याने मुंबई, घरगडी, हॉटेलातला पोऱ्या, गिरणीतले काम, महापालिकेच्या शाळेत शिपाई, आणि शेवटी त्याच पालिकेच्या शाळांत शिक्षक. 'ऐसा गा मी ब्रह्म' १९६२ साली, 'माझे विद्यापीठ' १९६६ साली, 'जाहीरनामा' १९७५ साली, 'नव्या माणसाचे आगमन' १९९५ साली. अधेमधे १९८२ ची 'सनद'. तेहतीस वर्षांच्या मानाने ही शेल्फावरची जागा लहानच आहे.

सुर्व्यांविषयी बोलताना टीकाकार बहुधा 'असूनही' हा शब्द वापरतात. कामगार असूनही, शिक्षण नसूनही. 'सांभाळून'चाच हा थोरला भाऊ. आमचे म्हणणे असे की सुर्व्यांच्या उत्तम कवितांना हा शब्द लागूच पडत नाही. त्यांची नोकरी कवितेच्या आड आली नाही, ती कवितेच्या रचनेत शिरली. हे नुसते म्हणून भागणार नाही, दाखवले पाहिजे.

'तुमचंच नाव लिवा' ही कविता घ्या. एक बाई पोराला शाळेत घालायला आली आहे. समाज जिला नाव ठेवतो अशी बाई. मास्तर रजिस्टर उघडतात आणि बापाच्या नावापाशी अडतात. कवितेत बोलणे सगळे त्या बाईचे आहे. मास्तरांचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही. ते काय विचारत असतील हे तिच्या उत्तरांवरून कळते. ही कविता कुठून आली? आम्हाला विचाराल तर जनरल रजिस्टरमधून आली. जून महिन्यात प्रवेशाच्या टेबलावर बसलेल्या कोणत्याही शिक्षकाला हा प्रसंग ओळखता येईल. समोर बाई उभी असते, हातात पेन असते, रकाना रिकामा असतो. मास्तर ना पोलीस असतो ना न्यायाधीश, पण त्या मिनिटाला एका मुलाचे नाव कसे लिहिले जाणार हे त्याच्या हाती असते. दुसऱ्या कोणा कवीने ह्या बाईवर कविता लिहिली असती तर तिच्या दुःखाचे वर्णन केले असते. सुर्वे वर्णन करत नाहीत. ते टेबलाच्या पलीकडे बसून राहतात आणि तिला बोलू देतात, कारण नोकरीत त्यांची जागा तीच होती. मास्तरांनी गप्प बसणे हा त्या कवितेचा कणा आहे, आणि ते गप्प बसणे त्यांना नोकरीने शिकवले.

(रकान्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर आईचे नाव बापाच्या आधी लिहावे असा निर्णय महाराष्ट्र सरकारने त्या वर्षी घेतला. ती बाई शाळेत आली त्याला तोवर किती दशके उलटून गेली होती!)

दुसरी कविता 'शीगवाला'. ही तर आपल्या वाचकांनी घरात पाठ करून ठेवावी अशी. चाळीतल्या खोलीत मुलगा काही लिहीत बसला आहे. दाऊदचाचा आत येतो, तुर्की टोपी काढतो, घाम पुसतो, आणि पोराला विचारतो की काय लिहितोस. मुलगा म्हणतो की हर्फ जुळवतो. उर्दू शिकवणाऱ्या माणसाला ह्या एका 'हर्फ' शब्दापाशी थांबावेच लागते. पोरगा 'कविता' म्हणत नाही, 'शायरी' म्हणत नाही. आमच्या पहिलीच्या वर्गात मूल तख्तीवर अलिफ, बे गिरवते, त्याला आम्ही मश्क म्हणतो. गवई ज्याला रियाज म्हणतो तेच. त्या खोलीत बसलेला मुलगा आपल्या कवितेला तख्तीवरच्या मश्कीपेक्षा मोठे नाव देत नाही. आणि दाऊदचाचा, जो धंद्याने खाटीक आहे, त्याला सांगतो की लिहिणे सोपे आणि लिहिलेल्यासाठी जगणे कठीण. मग आपला पाय पुढे करून त्या पायाची हकिगत सांगतो. साक्षीला काशीबाईंचे नाव घेतो.

ह्या कवितेच्या भाषेकडे पाहावे. दाऊदचाचा ना शुद्ध उर्दू बोलतो ना शुद्ध मराठी. नळावर, नाक्यावर, खाटकाच्या ओट्यावर ऐकू येते तीच ती भाषा. आमच्या वर्गात एखाद्या मुलाने अशी वाक्ये वहीत लिहिली तर आम्ही लाल पेनाने खाली रेघ मारतो, आणि शेजारच्या मराठी शाळेतले आमचे मित्रही तेच करतात. मराठी नाटकांत, सिनेमांत हीच बोली आली की लोक हसायला तयार होऊन बसतात. टोपीवाला चाचा बोलू लागला म्हणजे विनोद होणार असा ठरलेला संकेत आहे. सुर्व्यांच्या कवितेत ह्या बोलीला कोणी हसत नाही. सर्वांत शहाणे बोलणे तिच्यातच केलेले आहे. हे त्यांना कसे साधले? त्यांनी ती भाषा शेजाऱ्याकडून उचलली, ग्रंथालयातून नव्हे, हे उत्तर बरोबर आहे पण अपुरे आहे. शेजार लाखो लोकांना होता. आमच्या मते खरे कारण हे की दहा बाय बाराच्या खोलीत लिहिणाऱ्याला एकांत मिळत नाही. कोणी ना कोणी आत येतो, विचारतो, बसतो. एकांतात लिहिणारा कवी स्वतःशी बोलतो. ज्याला एकांत नाही त्याच्या कवितेत दुसरी माणसे बोलू लागतात. सुर्व्यांच्या चांगल्या कविता म्हणजे बहुतेक वेळा कोणीतरी कोणाशी तरी केलेले बोलणे आहे. 'व्यत्यय' हाच त्यांचा घाट. एरवी ज्याला आपण लिहिण्यातला अडथळा म्हणून कपाळाला आठ्या घालतो तो दाऊदचाचाच मुळी कविता आहे.

मुंबईतल्या दुसऱ्या टोकाचे उदाहरण म्हणजे अरुण कोलटकर. तेही पोटासाठी जाहिरातीच्या धंद्यात होते, पण काळा घोड्याच्या वेसाइड इनमध्ये त्यांचे टेबल होते, खिडकीतून रस्ता दिसायचा, आणि ते पाहणाऱ्याचे कवी झाले. सुर्व्यांना टेबल नव्हते. ते ऐकणाऱ्याचे कवी झाले. दोघांत डावे-उजवे करायचे नाही. एवढेच की कोण कुठे बसून लिहितो ह्याने कवितेची जात ठरते, आणि आमच्या परिचयाच्या पानांवर ह्याचा पत्ता लागत नाही.

सुर्व्यांवरही एक हरकत नोंदवून पुढे जातो, नाहीतर आम्हीच ग्रेस मार्क वाटतो असे व्हायचे. दाऊदचाचाचे इमान त्याच्या पायावरच्या खुणेने सिद्ध करावे लागते. फाळणीच्या दिवसांतला चांगला मुसलमान म्हणजे जखम दाखवू शकणारा मुसलमान, हा साचा मराठीत पुढे फार चालला आणि पुष्कळ वेळा आपल्याच कथाकारांनी चालवला. मूळ कविता त्या साच्याहून मोठी आहे, कारण तिच्यात चाचा आधी पोराची टर उडवतो, पाय पसरतो, घरचा माणूस असतो. ज्यांनी नक्कल केली त्यांनी पाय तेवढा घेतला आणि घाम, टोपी, टवाळी सोडून दिली. शिवाय सुर्व्यांच्या ज्या कवितांत कोणीच आत येत नाही, कवी एकटाच सभेसमोर उभा राहून उद्याच्या जगाविषयी बोलतो, त्या आज वाचताना सपाट वाटतात. तिथे खोली सुटली आणि फक्त व्यासपीठ राहिले.

सुर्व्यांनी कृष्ण चंदर यांची 'दादर पुल के बच्चे' मराठीत 'दादर पुलाकडील मुले' म्हणून आणली, हेही आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही. उर्दूतला एक मोठा लेखक दादरच्या पुलावरच्या पोरांवर लिहितो आणि पालिकेच्या शाळेतला मराठी मास्तर ते मराठीत नेतो, ही आमच्या पेशाच्या लोकांनी अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे. उर्दू माध्यमाच्या कितीशा शिक्षकांनी उलट दिशेने असे एखादे पुस्तक नेले असेल? आम्ही स्वतः नेलेले नाही.

उर्दूकडे आलोच आहोत तर हसरत मोहानींची आठवण करू. १९०८ साली त्यांच्या 'उर्दू-ए-मुअल्ला'तल्या एका लेखापायी इंग्रजांनी त्यांना सक्तमजुरीची शिक्षा दिली. तुरुंगात रोज मणभर धान्य चक्कीवर दळायचे काम होते. एका शेरात त्यांनी काव्याची मश्क आणि चक्कीची मशक्कत शेजारीशेजारी बसवली आणि तो शेर उर्दू मुशायऱ्यांत आजही लोकांच्या तोंडी आहे. 'मश्क' आणि 'मशक्कत' कानाला जवळचे वाटणारे शब्द, म्हणून शेराला बहार आली. आम्ही वर्गात हा शेर शिकवताना वर्षानुवर्षे हसरतांच्या हिमतीची तारीफ करत आलो. पण चक्की ओढता ओढता रचना करणे ही गोष्ट आपल्या मुलखात नवी होती का? आपल्या आज्या-पणज्या पहाटे जात्यावर बसत आणि दळण संपेपर्यंत ओव्या गात. मुसलमान घरांतही गात, मराठीत गात. त्यांना कुठल्या सरकारने शिक्षा दिली नव्हती; ती रोजची होती. हसरतांचा शेर इतिहासात गेला आणि ओव्या बहुतेक वाऱ्यावर गेल्या. बहिणाबाई चौधरींच्या ओव्या मुलगा सोपानदेव कवी होता म्हणून कागदावर उतरल्या आणि त्यांच्या पश्चात, १९५२ साली, पुस्तक निघाले. नाहीतर त्याही गेल्या असत्या.

एक ओवी मात्र वाऱ्यावर गेली नाही. ती लालबाग-परळच्या मैदानांत लाखाच्या सभेपुढे वाजली, असे म्हणायला हरकत नाही. शाहीर अमर शेख (१९१६–१९६९), मूळचे बार्शीचे महबूब हुसेन पटेल. मोटारीवर क्लीनर, गिरणीत कामगार, मग लाल बावटा कलापथक, अण्णा भाऊ साठे आणि गवाणकरांची साथ, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात रान उठवणारा आवाज. त्यांना लोकगीतांचा वारसा आई मुनेरबींकडून मिळाला, ही गोष्ट त्यांच्या प्रत्येक चरित्रपर लेखात एका वाक्यात येते आणि पुढच्या वाक्यात लेखक मैदानावर पोहोचतो. आम्हाला त्या एका वाक्यात बराच वेळ थांबावेसे वाटते. शाहिराच्या गळ्यातली ती खणखणीत, दूरवर पोहोचणारी लय सभेत जन्मली नाही. कामाच्या तालावर गाण्याची ती जुनी रीत होती, आणि ती एका मुसलमान बाईने मराठीतून मुलाला दिली. त्यांची छापील पुस्तके 'कलश' (१९५८) आणि 'धरतीमाता' (१९६३) आज कोणी फारसे वाचत नाही. ती वाचताना आवाजाची उणीव भासते हे खरे. पण जिथे कामाचा ताल शब्दांत उतरला आहे तिथे ती अजून जिवंत आहेत.

इथे आपांचा प्रश्न पुन्हा समोर येतो. सुर्व्यांच्या कवितेत दाऊदचाचा आला, बसला. त्याला पाणी कोणी दिले? कवी लिहीत बसला तेव्हा चूल कोण पाहत होते?

ह्याची उत्तरे लिहिली गेली आहेत. आपण ती समीक्षेच्या कपाटात ठेवत नाही, 'आठवणी' म्हणून वेगळ्या फळीवर ठेवतो. कृष्णाबाई सुर्वे यांचे 'मास्तरांची सावली' आहे. मेहरुन्निसा दलवाईंचे 'मी भरून पावले आहे' (१९९५) आहे. मलिका अमर शेख यांचे 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' (१९८४) आहे. उर्दूत शौकत कैफींचे 'याद की रहगुजर' आहे. चारही बाया मुंबईत संसार केलेल्या, चौघींचे नवरे शब्दांत वावरणारे आणि चळवळीत असलेले. ही चार पुस्तके एकापाठोपाठ वाचावीत असे आम्ही मित्रांना सुचवतो. वाचून झाल्यावर 'सांभाळून' हा शब्द पूर्वीसारखा लिहिता येत नाही.

मेहरुन्निसाबाईंचेच पाहा. हमीद दलवाईंच्या विचारांवर आपल्या वाचकांत तीव्र मतभेद आहेत आणि ते राहणार. तो वाद इथे नको. पण 'लाट' आणि 'इंधन' लिहिणारा कथाकार म्हणून तरी आपण त्यांना नाकारू शकत नाही. दलवाई महाराष्ट्रभर फिरत होते तेव्हा घर बायकोच्या पगारावर चालत होते. खादी ग्रामोद्योग आयोगातली नोकरी त्यांची. त्या काळी मुसलमान घरातली बाई रोज लोकल पकडून कचेरीत जाते, संध्याकाळी येऊन पाहुण्यांची चूल पेटवते, आणि परिचयाच्या पानावर 'सांभाळून' हा शब्द छापला जातो तो नवऱ्याच्या नावापुढे! पुस्तकात तक्रारीचा सूर जवळपास नाही. नावातच तृप्ती आहे. त्यामुळे हिशेब आपल्याला मांडावा लागतो, त्या मांडत नाहीत.

शौकत कैफींची गोष्ट वेगळी, कारण त्या स्वतः कलावंत. गिरगावात खेतवाडीच्या रेड फ्लॅग हॉलमध्ये आठ कुटुंबे, प्रत्येकी एक खोली, न्हाणीघर सामाईक. कैफी पक्षाचे पूर्ण वेळ कार्यकर्ते, म्हणजे पगार नावापुरता. शौकत पृथ्वी थिएटरमध्ये कामाला लागल्या. नाटके जवळच्या ऑपेरा हाउसमध्ये होत, आणि दौरेही असत. तान्ह्या शबानाला बरोबर घेऊन त्या गेल्या. आता बघा, कैफींच्या कवितेवर लिहिताना आपण त्या एका खोलीचा उल्लेख करतो, कारण त्याने कवी मोठा दिसतो. शौकतच्या अभिनयावर लिहिताना मात्र पाठीवरच्या मुलाची गोष्ट कौतुकाचा किस्सा म्हणून सांगतो. 'गर्म हवा'त त्यांनी जी घरातली बाई उभी केली, तिचे ते आवराआवर करणारे, घर सुटताना अडखळणारे हात आम्हाला अभिनयाच्या शाळेतले वाटत नाहीत. ज्या न्यायाने आम्ही सुर्व्यांच्या कवितेत रजिस्टर शोधले, त्याच न्यायाने त्या हातांत खेतवाडीची खोली शोधली पाहिजे. किस्सा सांगून हे काम होत नाही.

आणि मलिकाबाई. शाहिराची मुलगी, कवीची बायको, आणि स्वतः कवी. 'वाळूचा प्रियकर' १९७९, 'महानगर' १९९३, 'देहऋतू' १९९९. पहिल्या संग्रहानंतर दुसरा यायला चौदा वर्षे लागली. त्या चौदा वर्षांच्या मधोमध 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' उभे आहे आणि काय चालले होते ते सांगते. ते पुस्तक आले तेव्हा लोकांनी ते नवऱ्याविषयीचे पुस्तक म्हणून वाचले, आजही बरेच जण तसेच वाचतात. आम्ही ते एका कवीच्या थांबलेल्या मश्कीचा दस्तऐवज म्हणून वाचावे असे म्हणतो. आजार, कर्ज, लहान मूल, घरात सतत माणसांचा राबता. पण सुर्व्यांच्या खोलीत आलेला माणूस कविता होतो, आणि मलिकाबाईंच्या घरात आलेल्या माणसाला चहा करावा लागतो. व्यत्यय दोन्हीकडे आहे. एका ठिकाणी कवी बसून ऐकतो, दुसऱ्या ठिकाणी कवी उठून आत जाते. आम्ही मघाशी व्यत्ययाच्या घाटाविषयी मोठ्या उत्साहाने लिहिले. तो सिद्धांत अर्धाच खरा आहे, हे मलिकाबाईंच्या पुस्तकाने आम्हाला दाखवले. बसून ऐकण्याची मुभा ज्याला आहे त्यालाच व्यत्ययाची कविता करता येते. 'महानगर'मधल्या कवितांत वाक्ये तुटतात, प्रतिमा एकमेकींवर आदळतात. टीकाकारांनी त्याला महानगरी संवेदनेचा आविष्कार म्हटले. असेल. आम्हाला त्यांत मधेच उठावे लागलेल्या माणसाची लय ऐकू येते.

हा लेख आम्ही रात्री साडेदहानंतर, तीन बैठकांत लिहिला. त्या तीन रात्री पहाटे पाच वाजता येणारे पाणी कोणी भरले ह्याची नोंद करून ठेवतो : आम्ही नाही. निवडणुकीची ड्यूटी, सर्वेक्षणाचे फॉर्म, वह्यांचे गठ्ठे ह्यांबद्दल आम्ही दरवर्षी कुरकुर करतो, आणि ती खरीही आहे. पण 'सांभाळणे' हे क्रियापद आमच्या नावापुढे लावताना त्याचा कर्ता चुकीचा पडतो, एवढे आता कळले आहे. व्याकरणाची चूक म्हणून तरी ती दुरुस्त व्हावी.

ह्या अंकासाठी आपांकडे पुन्हा गझला मागितल्या. पाच दिल्या. परिचय छापायचा नाही, नाव आणि गाव पुरे, अशी अट घातली. संपादकांनी ती मान्य केली. गझला आम्ही दोनदा वाचल्या. चार चांगल्या आहेत, त्यांतली एक तर फार चांगली. पाचवीत रदीफ नुसती ओढत नेली आहे आणि तिसरा शेर दुसऱ्याचाच अर्थ पुन्हा सांगतो. हे त्यांना स्टाफरूममध्ये स्पष्ट सांगितले. पूर्वी सांगितले नसते. त्यांनी कागद परत घेतला, घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि म्हणाल्या, "बरोबर आहे. दुरुस्त करते. चाचणीचे पेपर तपासून होऊ देत."

चार गझला अंकाकडे गेल्या आहेत. पाचवी अजून पर्समध्ये आहे.